पिशवीत किल्ली आहे तोवर

आमच्या सबस्टेशनचा फोन उचलला की पलीकडून पहिली येते ती शिवी. बाई बोलतेय हे कळल्यावर ती अर्ध्यात गिळतात, एवढंच काय ते सुख. "लाईट कवा येणार?" हा एकच प्रश्न, पण तो विचारायच्या तऱ्हा किती म्हणून सांगू! मलकापूरच्या बाजूला, रत्नागिरी रस्त्याला लागून असलेल्या त्या सबस्टेशनात मी ऑपरेटर होते. राजारामपुरीतल्या घरातनं निघायचं, एसटी धरायची आणि दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं. गप्प बसून ऐकणाऱ्यातली मी नव्हे, हे वायरमन लोक अजून सांगतात.

त्या फोनवर एकच आवाज असा होता, की तो आला की मी खुर्चीत सरळ बसायची.

"जय भीम, ताई. कांबळे बोलतोय. परमिट पायजे."

परमिट म्हणजे काय ते आधी सांगते. गावाकडं जाणारी लाईन तुटली, झाड पडलं, की वायरमनला डांबावर, म्हणजे विजेच्या खांबावर, चढायला लागतं. तो मला फोन करतो. मी लाईन बंद करते आणि त्याला तसं सांगते. ते झालं परमिट. कामाआधी तो तार जमिनीला जोडून ठेवतो, त्याला अर्थिंग म्हणतात. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ते परत द्यायचं, मगच मी स्विच फिरवायचा. मधल्या वेळात त्या माणसाचा जीव माझ्या हातात आणि माझी झोप त्याच्या शब्दावर. वर कुणी राहिलं आणि मी स्विच फिरवला, तर खेळ खलास. दुसरी संधी विजेच्या कामात नाही.

बाकीचे वायरमन म्हणायचे, "मॅडम, बंद करा वो, चढतोय." कांबळे तसं करायचे नाहीत. सोबत कोण कोण आहे त्यांची नावं सांगायचे, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखी. पहिल्यांदा मी वैतागले. "अहो, मला कशाला नावं? मी काय वरात काढणार आहे यांची?"

"नावं ठाऊक असली की स्विचवरचा हात जड हुतोय, ताई," ते म्हणाले. पुढं मला सगळी नावं पाठ झाली, आणि हात खरंच जड झाला.

सुभेदार म्हटल्यावर डोळ्यापुढं मोठ्या मिशीचा, छातीवाला गडी उभा राहतो. आमच्या ह्या कांबळे सुभेदारांना मिशीच नव्हती. शिडशिडीत अंग, नाकावर चष्मा. एखाद्या गावचा पोस्टमास्तर शोभला असता. सैन्यात इंजिनिअरांच्या पलटणीत होते. सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे, हे काम. निवृत्त झाले ते नायब सुभेदार म्हणून, पण आमच्याकडं नायब-बियब कोण लावत बसतंय? सगळे सुभेदारच म्हणायचे. मग माजी सैनिकाच्या जागेवर आमच्या खात्यात आले ते साधे वायरमन. ज्या वयात लोक पेन्शन घेऊन कट्ट्यावर बसतात, त्या वयात हे कमरेला दोर बांधून डांबावर. वरचे साहेब सगळे वयानं लहान. त्याचं त्यांना काही वाटलेलं मी पाहिलं नाही. शाहूवाडी तालुक्यातल्याच एका लहान गावचे. गावातली काही मंडळी अजून त्यांना पोरवयातल्या नावानं हाक मारायची, आणि ते ओ द्यायचे.

दोन गोष्टी मात्र त्यांना खपायच्या नाहीत. एक म्हणजे "सब ठीक". कुणी म्हटलं, "सुभेदार, समदं ठीक हाय," की हे लगेच, "समदं म्हंजे काय काय ठीक हाय ते सांग. आन बघितलंस का ऐकलंस?" हा प्रश्न ते साहेबाला पण विचारायचे. आणि दुसरी घाई. कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर, "घाई कुणाला हाय? त्याला म्हणावं, डांबावर चढ."

वायरमनांच्या गँगचे प्रमुख झाल्यावर त्यांनी किल्ल्यांची पिशवी काढली. सैन्यातली जुनी खाकी पिशवी, बटणाची, खांद्याला अडकवायची. आमचे वायरमन कामावर येतात ते आपापल्या मोटारसायकलवर. सुभेदारांनी नियम केला की चढायच्या आधी प्रत्येकानं आपल्या गाडीची किल्ली पिशवीत टाकायची. खाली उतरल्यावर ज्यानं त्यानं स्वतः येऊन ती हातात घ्यायची. दुसऱ्याजवळ द्यायची नाही, लांबून फेकायची नाही. पिशवीत किल्ली आहे तोवर वर माणूस आहे. पिशवी रिकामी झाली की मगच मला फोन. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, खात्याच्या नियमात तर नव्हतंच. पण मला ते फार पटलं. किल्लीवाचून कुणी घरी जाणार नाही, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही.

पटलं नाही ते बाजीराव पाटलाला. बाजीराव गँगमधला सगळ्यात जुना वायरमन, हाताला कसब, तोंडाला लगाम नाही. वळीव होऊन गेला होता, लाईनीवर झाड आडवं पडलं होतं. सगळ्यांनी किल्ल्या टाकल्या. बाजीराव म्हणाला, "माजी किल्ली माज्या खिशात ऱ्हाईल. कुणाच्या पिशवीत काय टाकायचं ते मी बघीन." त्याचा अर्थ तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. पाटलानं कांबळ्याच्या पिशवीत हात घालायचा नाही, हाच तो अर्थ. आडून कशाला सांगू?

सुभेदार चिडले नाहीत. त्यांनी मला फोन केला, "ताई, परमिट नको. एक माणूस तयार न्हाय." आणि खाली बसले, बांधावर, सावलीत. काम बंद. गावात लाईट नाही, दूध संस्थेतलं दूध नासायला लागलेलं. चेअरमन तावातावानं आले, गाव गोळा झालं, मला फोनवर फोन. मी तरी काय करणार? सुभेदार ठरलेलं वाक्य म्हणत राहिले आणि बाजीरावाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शेवटी गावच बाजीरावावर उलटलं. त्यानं किल्ली काढून सुभेदारांच्या छातीवर भिरकावली. ती चिखलात पडली. सुभेदारांनी उचलली, शर्टाला पुसली, पिशवीत टाकली आणि मला नावं सांगितली, बाजीराव पाटील सगळ्यात आधी.

आईच्यान सांगते, त्या दिवशी मला तो माणूस देव वाटला होता. असा वरिष्ठ पाहिजे, न ओरडता वाकवणारा! पण त्या दिवशी बाजीराव फक्त वाकला, हे पुढं कळलं. त्यानंतर तो रोज किल्ली टाकायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. त्याच्याबरोबर बाकीच्यांनीही मिटलं. सुभेदार सांगतील ते, सुभेदार मोजतील तसं. पिशवी त्यांच्या खांद्यावर, तर काळजीही त्यांचीच. गँग शिस्तीत चालली होती, साहेब खूश होते, आणि मला वाटत होतं की आता आपल्या लाईनीवर कुणाला काही होणार नाही.

श्रावणातली गोष्ट. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. मलकापुरात एका मंगल कार्यालयात कुणा पुढाऱ्याचा कार्यक्रम होता आणि नेमकी त्याच बाजूची लाईन गेली. आमच्या साहेबांचा जीव टांगणीला. "मॅडम, पाहुणे वाटेत आहेत, लाईट पाहिजे." लाईन ओढ्याच्या अल्याड-पल्याड दोन ठिकाणी तुटली होती. सुभेदारांनी माणसं वाटली. पलीकडच्या डांबावर तानाजीला पाठवलं. मधे बांबूचं बेट, त्यामुळं तो डांब अलीकडनं दिसत नव्हता.

तानाजी हुपरीचा. चाळिशीचा, भिडस्त माणूस, विचारल्याशिवाय बोलणार नाही. बायको-मुलं हुपरीत, हा मलकापुरात खोली घेऊन राहायचा. त्या आठवड्यात मेव्हण्याच्या दवाखान्याच्या धावपळीला गाडी हुपरीला ठेवून हा एसटीनं आला होता. त्या सकाळी सुभेदारांनीच त्याला खोलीवरनं आपल्या गाडीवर मागं बसवून आणला.

दुपारी फोन आला. "ताई, पिशवी रिकामी. माणसं खाली. अर्थिंग काढलं. परमिट परत." मी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला, तशी पद्धतच होती. फोन ठेवला, उठले, पॅनेलपाशी गेले. हात स्विचवर ठेवला आणि टेबलावरचा माझा मोबाईल वाजायला लागला. साहेब. कधीचे दर पाच मिनिटाला फोन करून त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. मी स्विच सोडला आणि फोन घेतला, तो खास भांडायला. "साहेब, तुम्ही फोन ठेवलात तर मी लाईट देईन ना? का दातानं फिरवू स्विच?" ते काहीतरी बोलतायत, मी वरचढ बोलतेय, आणि तेवढ्यात सबस्टेशनचा फोन वाजला.

"ताई, थांबा! थांबा! तानाजी वर हाय!"

तो आवाज सुभेदारांचा आहे हेच मला पटेना. फाटलेला आवाज. मी ओरडले, "न्हाय केलं! सुभेदार, न्हाय केलं अजून!" पलीकडून नुसता श्वास आणि पाऊस. मग ते "बरं" म्हणाले आणि फोन हातातनं पडल्याचा आवाज आला. मी पॅनेलपासून लांब जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. दोन्ही हात काखेत घातले. साहेब मोबाईलवर अजून "हॅलो, हॅलो" करत होते.

झालं होतं ते इतकं साधं, की अजून अंगावर काटा येतो. तानाजीला गाडीच नव्हती, तर पिशवीत किल्ली कुठली? सगळ्यांनी किल्ल्या घेतल्या, पिशवी रिकामी झाली, सुभेदारांनी परमिट परत दिलं. गाडीपाशी गेले, किक मारली, आणि सकाळसारखंच मागं न बघता म्हणाले, "बस रं." मागं कुणी बसलं नाही. तेवढ्यानं ते वळले.

संध्याकाळच्या आत सगळी गँग सबस्टेशनच्या आवारात गोळा झाली. साहेब आले. कार्यक्रमाला लाईट उशिरा गेली म्हणून त्यांचा पारा चढला होता, पण तानाजीचं कळल्यावर ते एकदम मवाळ झाले. "हे बघा, कुणाला काही झालं नाही ना? मग विषय इथंच संपला. वर कुणी बोलायचं नाही."

सुभेदार म्हणाले, "झालं न्हाय म्हनूनच बोलाया पायजे, साहेब. झाल्यावर तर समदीच बोलत्यात."

मग ते सगळ्यांपुढं उभे राहिले. सावधानमध्ये नाही, साधेच. तानाजी पायरीवर बसला होता, हातात चहाचा पेला. सुभेदारांनी आधी सैन्यातली गोष्ट सांगितली. ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती.

सुरुंग पेरताना प्रत्येक सुरुंगाची पिन काढून उस्तादाच्या हातात द्यायची. जितक्या पिना हातात, तितके सुरुंग जिवंत. एका दिवशी पिनांचा हिशेब लागेना, एक कमी. उस्ताद कडक. जो जिथं आहे तो तिथंच उभा. पाय हलवायचा नाही, कारण कुठला सुरुंग जिवंत आणि कुठला नाही हे कुणालाच माहीत नाही. थंडी मरणाची. एक पोरगा उभ्या उभ्या रडायला लागला. आणि मग कांबळ्यांनी बघितलं, उस्तादानं आपल्या कोटाच्या घडीतनं ती पिन काढली आणि गुपचूप डब्यात टाकली. मग ओरडला, "मिल गया! किसी गधे ने गलत गिना था."

"त्याची इज्जत ऱ्हायली," सुभेदार म्हणाले. "पर आमच्यातलं कोण म्होरं त्याच्याबरुबर बिनधोक चाललं न्हाय. मी तवाच ठरीवलं, कवा माज्या हातनं झालं तर लपवायचं न्हाय. आज झालं. तानाजी, तुला मी आणला, मीच वर चढीवला, आन मीच इसरलो. चूक माजी. समद्यांदेखत सांगतोय."

साहेब जमिनीकडं बघत होते. मग बाजीराव बोलला, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा नीट.

"सुभेदार, मी बगितलं व्हतं सकाळी. तानाजी तुमच्या मागं बसून आलता."

सुभेदारांचा चेहरा फिरला. "मग बोलला का न्हाईसा?"

"बोलायचं?" बाजीराव म्हणाला. "किल्ल्या टाका म्हनलासा, टाकल्या. बोला असं कवा म्हनलासा? तुमी मोजणार, तुमी सांगणार. आमी म्हनलं, सुभेदाराला ठाऊक असंलच की."

पायरीवरचा तानाजी हळूच म्हणाला, "मला पण वाटलं व्हतं सांगावं, किल्ली न्हाय म्हनून. पर तुमीच आणलासा, तवा…"

मी त्या दिवशी सुभेदारांना मार बसलेला पाहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. चूक कबूल करून माणूस हलका होतो म्हणतात. हे हलके झाले नाहीत. चूक माझी म्हणणं त्यांना जमलं होतं, पण ती कुठल्या जागी होती ते बाजीरावानं दाखवलं होतं. सगळं आपल्या खांद्यावर घेतलं म्हणजे माणसं सांभाळली, असं त्यांना सैन्यापासून वाटत आलेलं. आणि इथं त्याच खांद्यापायी सगळ्यांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी पिशवी बाजीरावाच्या खांद्यावर होती. त्यानंतर रोज वेगळ्याच्या. ज्याच्याकडं पिशवी, त्याच्या नावानं परमिट, आणि त्या दिवशी त्याचाच हुकूम. सुभेदारांचीसुद्धा किल्ली पहिली त्यात. गाडी नसेल त्यानं घराची किल्ली टाकायची, तीही नसेल तर घड्याळ, काहीही, पण ज्याच्यावाचून घरी जाता येणार नाही असं. आणि पिशवीवाला चुकला असं वाटलं, तर कुणीही त्याला तोंडावर म्हणायचं. वर नियम असा की म्हणणाऱ्याला कुणी "गप बस" म्हणायचं नाही.

ह्या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर सुभेदारांना. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते, सबस्टेशनजवळच काम होतं म्हणून. दुसराच कुणीतरी गँग चालवत होता आणि हे खाली उभे. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरलेले, बोटं पांढरी पडलेली. वरचा माणूस पकड उलटी धरतोय हे त्यांना दिसत होतं. ओठ हलायचे आणि मिटायचे. मी म्हटलं, "सांगा की त्याला!" ते म्हणाले, "त्याला कळंल आता. कळाया येळ दिला पायजे न्हवं? जिवावर आलं तर वरडीन." कपाळावर घाम, तोही पावसात. "ताई, म्होरं हुन मरायची सवय लागली व्हती. मागं उभं ऱ्हायचं लई अवघड हाय बगा."

तानाजी मात्र चढेना. रजा टाकून हुपरीला जाऊन बसला. त्याच्या बायकोनं ऑफिसात फोन करून सांगितलं, नोकरी गेली खड्ड्यात, घरात पैंजणाचं काम आहे, माझ्याशेजारी बसून घुंगरू जोडील. हे कळल्यावर सुभेदार एसटीनं हुपरीला गेले. तिथं काय झालं ते तानाजीनंच पुढं सांगितलं. बायको डाग द्यायचं, म्हणजे चांदीचे सांधे जोडायचं, काम करत होती. तिनं वर बघितलं नाही. बसा म्हणाली नाही, चहाचं तर नावच नको. सुभेदार दाराशी जमिनीवर बसले. म्हणाले, "चूक माजी व्हती, बाई." ती काम करतच राहिली. मान खाली ठेवूनच म्हणाली, "आता परत न्हेल्यावर त्याच्याकडं कोण बघणार? तुमीच?"

"न्हाय," सुभेदार म्हणाले. "मी बघून काय झालं ते तुमी बघितलासा की. आता त्यो सवता बघंल. आन माज्याकडं पण बघंल."

तिला ते पटलं का नाही, कोण जाणे. तानाजी पुढच्या आठवड्यात कामावर आला. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी पिशवी त्याच्या गळ्यात घातली.

आता शेवटचं सांगते, कारण त्यासाठीच हे सगळं सांगायला बसले. सुभेदारांचं निवृत्तीचं वर्ष होतं. आंबा घाटाच्या बाजूला वादळ झालं, दिवसाढवळ्या अंधारून आलं, लाईनीवर फांद्याच फांद्या. त्या दिवशी पिशवी तानाजीकडं. ओढ्यापलीकडच्या चढावर अवघड डांब होता. तिथं कोण चढणार म्हटल्यावर तानाजीनं नाव घेतलं, सुभेदार. हात कसलेला म्हणून. सुभेदारांनी किल्ली टाकली आणि गेले.

इकडं मला फोन आला, मलकापुरातल्या एका लहान दवाखान्यातून. बाळंतपणाला बाई आत घेतलीय, अडलीय, जनरेटर सुरू होईना. फोनवरची नर्स रडत होती. साहेबांचा फोन, "मॅडम, काहीही करा." ह्या वेळी कुणा पुढाऱ्याचं काम नव्हतं. मी साहेबांशी भांडले नाही. भांडायला होतं काय? मी तानाजीला सांगितलं, त्यानं ओढ्यापलीकडं हाक दिली.

सुभेदारांचं काम झालं. ते खाली उतरले आणि त्यांनी तिकडूनच थेट मला फोन लावला. "ताई, कांबळे. डांबावरनं उतारलोय. अर्थिंग काढलंय. लाईट सोडा, बाई अडलीय तिकडं." मी म्हटलं, "परमिट तानाजीच्या नावावर आहे." "अवं, मी सांगतोय न्हवं!" मी दुसरा फोन तानाजीला लावला. दोन्ही कानांना दोन फोन. तानाजी म्हणाला, "एक किल्ली हाय पिशवीत."

"तानाजी, ते स्वतः बोलतायत माझ्याशी. खाली आहेत."

"आवाज खाली हाय का वर, फोनात कळतंय व्हय, ताई? त्यांस्नी म्हणावं, या."

मी तसं सुभेदारांना सांगितलं, आणि मग त्यांच्या फोनची गरजच उरली नाही, मी तो ठेवला. ओढ्यापलीकडून सुभेदार असे गरजले की तानाजीच्या फोनमधून मला ऐकू आलं. "तानाजीऽऽ! मी उतारलोय! बाई मरंल तिकडं! परमिट दे परत!"

ओढा फुगलेला. ओढ्यावरच्या फरशी पुलावरनं पाणी चाललेलं. उतरून यायचं म्हणजे वळसा आणि वेळ. आणि दवाखान्याचा फोन परत वाजत होता. माझ्या डोक्यात त्या बाईचा विचार आला, नाही असं नाही. सुभेदार खोटं बोलणार नाहीत हे मला देवाइतकं माहीत होतं. हात स्विचपासून वीतभर. तानाजी एक शब्द बोलला असता, तर मी फिरवला असता.

आणि बोलायचं होतं तानाजीला. हा भिडस्त माणूस, विचारल्याशिवाय न बोलणारा. तो ओरडला, "किल्ली हातात घ्याया या, सुभेदार! याचं म्हंजे याचं! पळा!"

आणि सुभेदार पळाले. ह्या वयात, चिखलातनं, फरशीवरच्या पाण्यातनं, दोन वेळा पडले, असं गँगवाले सांगतात. बाजीराव पाण्यात उतरला आणि त्यानं हात धरून त्यांना ओढून घेतलं. मला फक्त पाऊस ऐकू येत होता आणि तानाजीचं पुटपुटणं, "या की, या की, या की." मग किल्लीचा आवाज. मग तानाजी, शांत, एकेक शब्द सुटा: "ताई, पिशवी रिकामी. माणसं समदी माज्या डोळ्यापुढं. परमिट परत."

मी स्विच फिरवला.

डोकं टेबलावर टेकून बसले. थोड्या वेळानं दवाखान्याचा फोन आला, की बाई सुटली, बाळ रडलं. मी तानाजीला सांगायला फोन केला, तो सुभेदारांनी उचलला. मला वाटलं, आता हा माणूस तानाजीला सोलून काढणार. त्यांना धाप लागली होती. मी बाळाचं सांगितलं. ते "बरं झालं, बरं झालं" म्हणाले. आणि मग मला कळलं की ते हसतायत. हसतायत आणि रडतायत, दोन्ही.

"ताई," ते म्हणाले, "माजं ऐकलं न्हाय त्यानं. ऐकलासा का तुमी? मी एवडा वरडलो, तरी ऐकलं न्हाय त्यानं!"

पोराला नोकरी लागल्याचं बाप गावभर सांगत सुटतो, तसं त्यांनी ते मला दोनदा, तीनदा सांगितलं. मीही रडले. कुणी काही म्हणो.

ते निवृत्त झाले, माझी बदली कोल्हापुरात झाली. मधे दोन-तीन वर्षं गेली असतील. गेल्या महिन्यात राजारामपुरीत भाजी घेऊन रिक्षा बघत उभी होते. समोर डांबावर काम चाललेलं, खाली दोरी बांधून रस्ता अडवलेला, दुचाकीवाले हॉर्न मारून जीव खातायत. आणि पलीकडच्या फुटपाथवर सुभेदार. अंग आणखीच वाळलेलं, हातात दवाखान्याची फाईल. शेजारी त्यांची बायको, त्यांची बाही ओढत होती.

"अवं चला की! नंबर जाईल, डाक्टर उठंल!"

ते हलले नाहीत. मान वर, नजर डांबावरच्या त्या माणसावर. त्यांना तो ओळखत नव्हता, ते त्याला ओळखत नव्हते. खालच्या गँगला त्यांनी एक शब्द विचारला नाही. नुसते उभे.

"जरा थांब," एवढं मला रस्त्याच्या अलीकडं ऐकू आलं. "उतरू दे त्याला."

मी हाक मारणार होते. नाही मारली. रिक्षावाला म्हणाला, "ताई, बसताय न्हवं?" मी त्याला म्हटलं, "गप रे, दोन मिनिटं." आणि मीही वर बघत राहिले. तो वायरमन एकेक पाय टाकत खाली आला, त्याचा बूट रस्त्याला लागला, त्यानं टोपी काढली. तेव्हा सुभेदारांनी मान खाली घेतली आणि बायकोच्या मागनं दवाखान्याकडं चालायला लागले.